मॅकडोनाल्ड्स, पिझ्झा वगैरे: तुम्ही कधी जाता, कुठल्या शाखेत जाता? (अनुभव)

गोडोलीची_लेक
परवा स्वारगेटहून विनाथांबा गाडीनं साताऱ्याला येत होते. कात्रज सोडल्यावर शेजारच्या मुलीनं पिशवीतून बर्गर काढला आणि त्या वासासरशी शाळेतले दिवस आठवले. तेव्हा आपल्याकडं यातलं काहीच नव्हतं. बाबांचं पुण्यात काम निघालं की आम्ही दोघी बहिणी मागं लागायचो, जंगली महाराज रस्त्यावरच्या मॅकडोनाल्ड्समध्ये जायचंच म्हणून. बाबा शिक्षक. त्यांचं ठरलेलं असायचं: आडवारी जायचं, सकाळी गर्दी व्हायच्या आत, आणि कामं नंतर. म्हणायचे, मागं रांग असली की माणूस फलक नीट वाचत नाही आणि नको ते घेऊन बसतो. मोकळ्या दुकानात ते सगळा फलक वाचायचे, काउंटरवरच्या पोराला हे कशाचं, ते कशाचं असं विचारायचे, आणि तो पोरगाही निवांत सांगायचा. २००४ मध्ये २० रुपयांचा मेनू आला तेव्हा तर आजीलाही घेऊन गेले होते. ती आलू टिक्की खाऊन म्हणाली, वडाच आहे की हा, चपटा केलेला!
आमच्यासाठी ते किती विचार करून वेळ ठरवायचे ते आता माझी पोरं मागं लागतात तेव्हा कळतं. तुमच्याकडं कसं ठरतं? लिहा सगळ्यांनी.

शेंगदाणा_चटणी
आजी 😂😂 बरोबर बोलल्या

विश्रामबाग_सांगली
रविवारी संध्याकाळी सात ते नऊ अजिबात जाऊ नका. आत बसलेले कमी आणि दारात डिलिव्हरीवाली पोरं जास्त. आपली ऑर्डर मागं पडते, मुलं रडकुंडीला. आम्ही शनिवारी साडेतीन-चारला जातो.

कऱ्हाडकर७७
हायवेवर थांबायचं तर आधी बाजू बघा. दुभाजकाच्या पलीकडं दुकान दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, वळून यायला कुठच्या कुठं जावं लागतं. आणि पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो, साताऱ्याहून जाताना बोगदा आहे. शुक्रवारी संध्याकाळी घाट तुंबतो, त्यामुळं येताना पोरांना घाटाच्या अलीकडंच खायला घाला. घाटात भुकेली पोरं म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको. सप्टेंबरात कासला फुलं आली की शनिवार-रविवारी जास्तच बघून निघा.

वाईची_सुमन
@कऱ्हाडकर दादा खरंय. आणि आम्हा बायकांसाठी अजून एक, स्वच्छ बाथरूम. मी तर शाखा त्यावरूनच ठरवते, खाणं नंतर. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, प्रवासात सारखं जावं लागतं. पूर्वी त्या बसायच्या आधी पाणीच प्यायच्या नाहीत. आता कुठं थांबायचं ते आधी ठरलेलं असतं म्हणून दोन घोट निवांत पितात.

गोडोलीची_लेक
सुमनताई, हे किती महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या आईचंही असंच.

माजी_क्रू
कॉलेजला असताना बर्गरच्या एका साखळीत काम केलंय, कुठल्या ते सोडा. जेवणाची गर्दी एक ते तीन आणि सात ते दहा. बाराच्या सुमाराला गेलात तर सगळं नुकतं लागलेलं असतं, पोरं ताजीतवानी असतात आणि बसायला जागा मिळते. रात्री उशिरा आइस्क्रीमसाठी जाऊ नका. सॉफ्टीचं मशीन साफ करायला आणि आतून गरम करून घ्यायला तासन्‌तास लागतात, बरेच जण ते काम रात्रीच उरकतात. मुलं हिरमुसतात आणि काउंटरवरच्या पोराला ऐकून घ्यावं लागतं.
फ्राइज तळून काढल्यावर ७ मिनिटांच्या वर ठेवायच्या नाहीत असं आम्हाला शिकवलेलं. अगदी ताज्या पाहिजेत तर बिनमिठाच्या मागा, नव्यानं तळूनच द्याव्या लागतात. मीठ वेगळं घ्या. पण गर्दीत मागू नका हो, पोरांची धांदल होते.

शेंगदाणा_चटणी
हे माहीतच नव्हतं!! आजच करतो

माहुलीकर
श्रावणात आई यायलाच तयार नसते. तिथं मटण-चिकन शिजतं म्हणते. शाकाहारी वेगळं करतात का खरंच?

माजी_क्रू
@माहुलीकर मॅकडोनाल्ड्समध्ये शाकाहारी आणि मांसाहारी करायची जागा, भांडी, माणसं वेगळी. शाकाहारीकडं हिरवे एप्रन असतात. मेयोनीजही बिनअंड्याचं. गोमांस आणि डुकराचं मांस भारतात ठेवतच नाहीत. आईंना एकदा मोकळ्या वेळी न्या, काउंटरवरून आतलं दिसतं. डोळ्यांनी बघितलं की विश्वास बसतो. तरी नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, श्रावण एक महिन्याचा तर आहे.

फलटणचा_गवळी
विषय निघालाच आहे तर. १९९६ ला हे लोक भारतात आले तेव्हा चीज आपल्या बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचं, आणि ते कुरकुरीत लेट्यूस तळेगावच्या त्रिकायाचं. वडील दूध घालायचे, त्यांना याचा फार अभिमान. कुठंही बर्गर दिसला की म्हणायचे, यात आपल्या भागाचं दूध आहे. आता दुधाला भाव काय मिळतो त्यावर वेगळं लिहिलं पाहिजे. खाद्याचे दर बघा, कडब्याचे बघा, आणि

फलटणचा_गवळी
अर्धवट गेलं. धार काढायची वेळ झाली, नंतर लिहितो

अपशिंगेची_सून
आमचे हे फौजेत. सुट्टीवर आले की पोरांना साताऱ्यात पिझ्झा ठरलेला. आधी आम्ही जायच्या आदल्या दिवशी न्यायचो, म्हणजे शेवट गोड होईल. पण पोरगी हुशार. पिझ्झा म्हटलं की तिला कळायला लागलं पप्पा उद्या जाणार, आणि एक घास उतरायचा नाही. आता आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी जातो. दुपारी, दुकान रिकामं असताना. हे कोपऱ्यातलं टेबल बघतात आणि पोरं त्यांच्या दोन्ही बाजूंना बसतात. मग पुढची सगळी सुट्टी घरची भाकरी.

वाईची_सुमन
डोळ्यांत पाणी आलं गं. भाऊंना नमस्कार सांग.

कऱ्हाडकर७७
🙏🙏 जय हिंद वहिनी

कृष्णाकाठ
आम्ही सांगलीचे, गावभागातले. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आम्ही विश्रामबागला मावशीकडं. घरात आम्ही नातेवाईक दाटीवाटीनं, लहान पोरं रोज पिझ्झा म्हणून मागं लागायची आणि बाहेरून माल यायची सोय नाही. मावशीनं तव्यावर भाकरी, वर टोमॅटो-कांदा नि किसलेलं चीज घालून दिलं. पाणी ओसरल्यावर घर धुवून झालं त्या रात्री मामा आम्हा सगळ्यांना पिझ्झा खायला घेऊन गेला. कपडे चिखलाचे होते, पण तिथल्या पोरांनी टेबलं जोडून दिली, एका शब्दानं काही म्हणाले नाहीत. तेव्हापासून आम्ही त्याच शाखेत जातो, दुसरी जवळ असली तरी.

विश्रामबाग_सांगली
कुठल्या गल्लीत हो तुम्ही? आमच्याकडंही गावभागातले नातेवाईक होते तेव्हा

कृष्णाकाठ
मारुती चौकाजवळ. मेसेज करते ताई

मिरज_जंक्शन
माझा भाऊ मिरजेत ॲडमिट होता, बरेच दिवस. घरी सोडल्यावर डॉक्टर म्हणाले थोडं थोडं सगळं खाऊ दे, पण गर्दीत नेऊ नका. मग आम्ही भर दुपारी जायचो, आणि तळमजल्यावर बसायची सोय असलेल्या शाखेतच. जिना चढून वर बसायचं असेल तर अशा माणसाला जमत नाही, आधी फोन करून विचारा. तो एकच तुकडा खायचा पण माणसांत बसल्याचं समाधान वेगळंच. आता ठणठणीत आहे.

गोडोलीची_लेक
छान वाटलं वाचून. भावाला आशीर्वाद.

माहुलीकर
बिल नीट बघत जा. हॉटेलवर जीएसटी ५ टक्के, अडीच नि अडीच असे दोन भाग दिसतात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, २०२२ पासून तसा स्पष्ट नियमच आहे. आणि मोबाइलवरून मागवलं तर तोच पिझ्झा बऱ्याचदा महाग पडतो, जवळ असेल तर जाऊन घ्या.

शेंगदाणा_चटणी
बिनमिठाच्या मिळाल्या!!! एकदम गरम. धन्यवाद क्रू भाऊ

शाहूनगरची_भिशी
आमच्या भिशीच्या बायकांना या महिन्यात पिझ्झा खायचाय, बाराजणी आहोत. टेबल आधी राखून ठेवतात का? निम्म्या जणींचे गुडघे दुखतात, त्यामुळं जिना नको.

माजी_क्रू
काकू, राखून सहसा नाही ठेवत. पण दोन दिवस आधी जाऊन मॅनेजरला भेटा, वेळ सांगा, बऱ्याचदा टेबलं जोडून देतात. भिशी कधी आहे?

शाहूनगरची_भिशी
मंगळवारी. चार वाजता चालेल का?

माजी_क्रू
मस्त वेळ आहे. फक्त सगळ्यांची ऑर्डर एका कागदावर लिहून न्या, म्हणजे एकीनंच काउंटरवर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बसून घ्यायचं. कांदा-लसूण न खाणाऱ्या कोणी असतील तर तेही त्याच कागदावर लिहा.

शाहूनगरची_भिशी
दोघी आहेत. लिहिते. आमच्यात एकीची मंगळागौर आहे बहुतेक त्या दिवशी, आधी तिला विचारते थांबा