मदत हवी आहे: गरोदरपणात रक्तात शिसं सापडलंय, बाळाच्या मेंदूचं काय?

ताईला पाचवा महिना चालू आहे. सासरचं घर जुनं, डोहाळजेवणाआधी रंगकाम काढलं आणि रंगाऱ्यांनी दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट आठवडाभर पॉलिशपेपरने कोरडाच घासला, घरभर पांढरी धूळ आणि ताई त्याच घरात. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून, आतले थर त्याच्या कितीतरी आधीचे. मीच मागे लागून ब्लड लेड करायला लावलं तर ७ आलं (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर). डॉक्टर म्हणाले फार नाहीये, कॅल्शियम घ्या. पण डब्ल्यूएचओ म्हणते की ५ किंवा जास्त असेल तर शिसं येतंय कुठून ते शोधा आणि बंद करा, आणि सुरक्षित अशी पातळीच नाही.

मला कळलंय ते असं की वार (प्लासेंटा) शिसं अडवत नाही, आईच्या रक्तातलं बरंचसं बाळाकडे जातं आणि मेंदूच्या पेशींची आपसात जोडणी होत असते तिथे ते कॅल्शियमची जागा पटकावतं, मग पुढे शिकणं, लक्ष लागणं यावर परिणाम दिसू शकतो. शिवाय आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही गरोदरपणात सुटतं, म्हणून कॅल्शियम. ताईचं हिमोग्लोबिनही कमी आहे आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं म्हणे.

तिला माहेरी आणलंय. सुटी हळद बंद केली, रंग उठावा म्हणून त्यात लेड क्रोमेट घालतात काही ठिकाणी. शेजारच्या काकू "विष उतरवायला" कसलीशी भस्माची पुडी घेऊन आल्या होत्या, प्रेमापोटीच, पण नागभस्म तर शिशाचंच असतं, कोण खात्री देणार! शिसं काढायची औषधं गरोदरपणात ४५ च्या वर गेल्यावरच विचारात घेतात, त्यामुळे तो विषय नाही.

आता कुणाला अनुभव असेल तर सांगा, टेस्ट परत किती दिवसांनी केलीत? बाळंतपणात नाळेतल्या रक्ताची तपासणी करून मिळते का, आधी सांगून ठेवावं लागतं का? आणि पुण्यात घरातली धूळ तपासून देणारी लॅब कुठली? दाजी म्हणतात झाडून-पुसून घेतलंय, येऊ दे परत. मला वाटतं कोरड्या झाडूने ती आणखीच उडाली असणार, सगळं ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय मी तिला पाठवणार नाहीये.

घाबरवणारं काही असेल तर विपूत (माझ्या विचारपुशीत) लिहा प्लीज, ताई हा धागा वाचते.