सरकार नसेल तर समाज शिस्तीत राहील का?

पंचगंगाकाठ
2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 43. शिरोलीला हायवे बंद, पेट्रोल नाही, लाईट नाही. आमच्या गावात चार दिवस ना तलाठी, ना पोलीस. तरी एक चोरी झाली नाही. तालमीच्या पोरांनी रात्रीची गस्त धरली, शाळेत एकच चूल पेटली, कुणाचं जनावर हे न विचारता ते उंचावर नेऊन बांधलं. माणसं दांडक्याच्या भीतीनं नीट वागत नाहीत, एकमेकांना ओळखतात म्हणून वागतात, हे मी तेव्हा बघितलं. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनीच वाटून घ्यायची पद्धत, पिढ्यान्‌पिढ्या अशीच चालली. पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमायचा, पाण्याची पाळी त्यानं सांभाळायची. आपल्याकडच्या शेतीच्या पाणीपुरवठा संस्थाही सभासदच चालवतात. मग सरकार कशाला लागतं?

पेठेतला
भावा, त्या संस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. पाळीवरनं भांडण लागलं की सभासद सरकारच्या सहकार खात्यातल्या निबंधकाकडंच पळतात. आणि पुरात बोटी कुणाच्या आल्या? एनडीआरएफ, लष्कर, नौदल. चार दिवस निभावणं वेगळं, चाळीस वर्षं वेगळं.

माहेर गडहिंग्लज
ओळखतात म्हणून नीट वागतात म्हणता. ओळखत होते म्हणूनच पाणवठा वेगळा ठेवत होते ना? विहिरीवर कुणी चढायचं नाही हे सांगायला कधी पोलीस लागला नाही. गावाची शिस्तच होती ती. ती मोडायला दरबारचा हुकूम लागला. 1919 मध्ये शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले.

माझ्या आत्यानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिचं घर नऊ वर्षं वाळीत होतं. कुणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, गिरणीत दळण घ्यायचं नाही, एवढंच. फार शांत होती ती गल्ली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2016 मध्ये झाला. तोवर आत्या गेली होती.

पंचगंगाकाठ
ताई, आत्यांचं वाचून गलबलून आलं. पण नुसत्या हुकुमानं काय झालं? पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं, आणि परतणाऱ्यांना मार खावा लागला. कागद सरकारचा होता, पाऊल माणसांनीच टाकलं.

पेठेतला
आणि तळ्यावरच्या हक्काचा खटला 1937 मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूनं सुटला. तो जातपंचायतीत गेला असता तर?

माहेर गडहिंग्लज
पाऊल माणसांनी टाकलं, अगदी मान्य. पण त्यांनी ते शेजाऱ्यांच्या विरोधात टाकलं. दादा, एकच विचारते, राग मानू नका. शाळेत एक चूल होती म्हणालात. पंगतही एकच होती का?

पंचगंगाकाठ
पहिले दोन दिवस एकच होती. तिसऱ्या दिवशी काही जण वरच्या आळीतनं, पाहुण्यांच्या घरचे डबे आणायला लागले. मी कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं.