ठाणे-बोरिवली बोगदा: पैसा सरकारचा बरा की खासगी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रविवारी सोसायटीत या विषयावर गप्पा आहेत आणि 'तू घोडबंदरने रोज जातोस, तूच बोल' म्हणून माझ्या गळ्यात घातलंय. कासारवडवलीच्या सिग्नलला दुसरा गिअर न टाकता घालवलेली वीस मिनिटं, एवढीच माझी पात्रता!

राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारा हा जोडरस्ते धरून ११.८ किमीचा जोडबोगदा एमएमआरडीए बांधतेय, म्हणजे जोखीम सरकारी. मेव्हणे म्हणतात, खासगी कंपनीला द्यायचा, टोल तिने वसूल करावा, आपला खिसा सुरक्षित. मला हे पटत नाही. सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा २००५ मध्ये खासगी पैशातून झाला. रोज नव्वद हजारांच्या आसपास गाड्या धरल्या होत्या, आल्या त्याच्या निम्म्याही नाहीत. २००६ च्या अखेरीस कंपनी बुडाली. पैसे गुंतवणूकदारांचे गेले, पण गाड्या बोगद्यात वळाव्यात म्हणून वरचे रस्ते अरुंद केले होते, तो ताप लोकांनाच.

तर जाणकारांनो, आपल्याकडच्या बीओटी (कंपनीने बांधायचं, टोल घ्यायचा, मुदत संपली की सरकारला द्यायचं) करारांत 'शेजारचा फुकट रस्ता रुंद करायचा नाही' असं कलम असतं का? गाड्या कमी आल्या तर टोलची मुदत वाढते का? करार वाचलेलं कोणी असेल तर शनिवारपर्यंत सांगा. मेव्हण्यांसमोर हरायचं नाहीये.