टोळी : फडातली आणि पहिल्या पानावरची

खोडवा :
परवा घरी फोन केला तर वडील म्हणाले, "आली रे एकदाची टोळी. बारा कोयते आहेत." फोन स्पीकरवर होता. माझा पुणेकर रूममेट ताडकन उठून बसला, "अरे, पोलिसांना कळवलं का?"

आमच्या वाळवा तालुक्यात टोळी म्हणजे बीडकडून येणारी ऊसतोडीची माणसं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटाच गडी आला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो आणि दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणून फडाशेजारी उतरवतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पुण्यात पेपर उघडला की हेच दोन शब्द वेगळ्याच पानावर. 'टोळी जेरबंद', 'टोळीच्या मुसक्या आवळल्या'. 2022-23 च्या सुमाराला 'कोयता गँग' निघाली आणि कोयताही गेला. त्यातून टोळी बहुधा 'परप्रांतीय' नाहीतर 'आंतरराज्य'. 'स्थानिक टोळी' असा मथळा मी तरी क्वचितच पाहिलाय. तर प्रश्न असा : टोळीला हा वास मुळातच आहे की पेपरवाल्यांनी लावला?

प्रूफवाचक :
मुळात नाही. वानरांची टोळी असते, पोरांची असते, भूगोलाच्या पुस्तकात भटक्या टोळ्या असतात. पण टोळी एका जागी राहत नाही, कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते, हा भाव त्यात आहेच. बातमीला तोच सोयीचा पडतो.

कायद्याची टोळी मोजून मापून असते. दरोडा म्हणायला पाच माणसं लागतात, त्याखाली जबरी चोरी. मोक्कात (1999 चा कायदा) संघटित गुन्हेगारीच्या टोळीला दोन पुरतात. पेपरात टोळी किती जणांची हे दोन कॉलमात किती अक्षरं बसतात त्यावर ठरतं. ही थट्टा नाही, एका जिल्हा दैनिकात मी बरीच वर्षं मथळे दिलेत.

पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये प्रत्येक आरोपीपुढे दोन पत्ते असतात : 'सध्या रा.' आणि 'मूळ रा.'. एकदा मोटारसायकल चोरीत तिघं सापडले. दोघे आमच्याच शहरातल्या गल्लीतले, तिसऱ्याचं मूळ रा. उत्तर प्रदेशातलं. तो अकरा वर्षं इथे रिक्षा चालवत होता. रात्री साडेअकराला पान सोडायचं होतं. मी मथळा दिला : 'परप्रांतीय टोळी जेरबंद'. बसला बरोबर. गल्लीतले दोघे बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात गेले. दुसऱ्या दिवशी कुणाचा फोनसुद्धा आला नाही, हे जास्त लक्षात राहिलंय.

सरळबोट :
म्हणजे बाहेरची टोळी सापडली तर लिहायचंच नाही का? गाड्या इथे चोरून शेजारच्या राज्यात विकतात, हे खोटं आहे?

प्रूफवाचक :
खोटं कशाला असेल? गाडी इथली आणि गिऱ्हाईक तिकडचं, तर 'आंतरराज्य' हा त्या चोरीच्या पद्धतीचाच भाग झाला. लिहावंच. माझ्या मथळ्यात ज्या गाड्या होत्या त्या आमच्याच बाजारात विकल्या गेल्या होत्या हो.

गिरणगाव :
मी 'पठाणी' हा शब्द मांडतो. 'बँकेची पठाणी वसुली' असं आजही छापून येतं. मुंबईच्या गिरण्यांत पगाराच्या दिवशी गेटाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा सावकार हा याचा उगम. सरहद्दीकडून आलेले हे लोक कसलंही तारण न घेता कर्ज देत, म्हणून ज्याला दारात कुणी उभं करत नसे तो कामगार त्यांच्याकडे जाई. माझे आजोबा सांगायचे की वाणी पठाणापेक्षा काही कमी घेत नसे, पण वाणी दुकानात बसून घ्यायचा.

तेवढ्यावर थांबलं नाही. शिवडीच्या तेल कंपन्यांतल्या संपात संपवाल्यांच्या जागी पठाण कामाला लावले होते, त्याचा राग होताच. फेब्रुवारी 1929 मध्ये पठाण लहान मुलं पळवतात अशी अफवा मुंबईत उठली. मारामाऱ्या झाल्या, पठाण मारले गेले आणि पुढे त्याची हिंदू-मुसलमान दंगल झाली. ते सावकार गेले, गिरण्याही गेल्या. आता वसुलीवाला एजंट मराठी असतो, टाय लावून येतो, तरी वसुली पठाणीच.

सध्या_न्यूजर्सी :
याच्या उलट 'माफिया' बघा. इथे माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा राहतात. त्यांच्यापुढे हा शब्द सहज काढला तर त्यांनी विषयच बदलला. मग वाचून काढलं.

1890 च्या ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्सचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याला गोळ्या घातल्या. संशय सिसिलीहून आलेल्यांवर. एकोणीस जणांवर आरोपपत्र आणि पेपरात रोज 'माफिया'. नऊ जणांचा खटला आधी चालला. 13 मार्च 1891 ला सहा निर्दोष सुटले, तिघांबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरांत जाहीर आवाहन : चांगल्या नागरिकांनी सभेला यावं आणि कृतीच्या तयारीने यावं. जमाव तुरुंगात घुसला आणि अकरा जणांना मारलं. त्यातल्या पाच जणांचा खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. सिसिलीवाले म्हणजे दरोडेखोरांचे वंशज, असं न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात लिहिलं. शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती 2019 मध्ये.

मधे 1970 ला इटालियन मंडळींनी एफबीआयच्या कचेरीसमोर निदर्शनं केली, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने 'माफिया' हा शब्द वापरणं बंद केलं. गंमत अशी की त्या निदर्शनांचा पुढारी जोसेफ कोलंबो स्वतःच एका माफिया घराण्याचा प्रमुख होता!

खोडवा :
आमच्याकडे वाळूमाफिया म्हटलं की सिसिलीचा माणूस डोळ्यांपुढे येत नाही, डंपर येतो. टँकरमाफिया, भूमाफिया, सगळे आपलेच. शब्द लांबून आला म्हणून त्याचं मूळ गाव पुसलं गेलं असावं. पठाण गेटावर उभा होता, त्याचं नाही पुसलं गेलं. तर नियम असा दिसतो की…

गिरणगाव :
नियम करू नका. 'काबुलीवाला' म्हटलं की सुकामेवाच आठवतो ना?

खोडवा :
बरं, नाही करत. पण काल रात्रीचं सांगतो. पोलीसपाटलांनी बाराही कोयत्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स मागितल्यात. मुकादम वडिलांना विचारत होता, "अण्णा, सोळा वर्षं येतोय, कधी मागितल्या नव्हत्या. औंदाच काय झालं?" वडील म्हणाले, "पेपरात काय तरी आलंय म्हणं."