मदत हवी आहे: गवारेड्यांचे फोटो, काळं अंग आणि पांढरे पाय एकत्र कसे पकडायचे?

नमस्कार मंडळी, मी कुडाळ तालुक्यातला, आमच्या गावाच्या वर सडा (कातळाचं पठार) आहे आणि तिथे गवारेडे येतात. गेल्या जूनपासून त्यांच्या मागे आहे, पूर्ण वर्षाचे फोटो जमवायचेत. पावसात सड्यावर कोवळं गवत आलं की संध्याकाळी कळप बाहेर पडतो, भात तयार झालं की मळ्याच्या कडेला दिसतात (त्यात लोकांचं नुकसान होतं, तेही खरंच), आणि एप्रिल-मेमध्ये वहाळात (ओढ्यात) जिथे पाणी उरतं तिथे.

अडचण अशी की मोठा नर जवळजवळ काळाच असतो नि गुडघ्याखाली पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे, मग कॅमेरा काळा भाग उजळवायला जातो आणि पाय, गवत सगळं जळतं, मायनस केलं (एक्स्पोजर कमी केलं) तर डोळासुद्धा दिसत नाही. ७०-३०० लेन्स आहे, संध्याकाळी सहाला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० वर जातो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढताना तुम्ही किती मायनस ठेवता? स्पॉट मीटरिंग (फ्रेमच्या एका छोट्या भागावरूनच प्रकाश मोजणं) कुठे धरता?

दुसरं, अंतर. नर हजार किलोपर्यंत भरतो, मी शंभर मीटरच्या आत जात नाही, वासरं दिसली की मागे फिरतो. परवा एकाने फुसकारून माझ्याकडेच बघितलं, वारा माझ्या पाठीमागून होता, म्हणजे माझा वास त्याच्याकडे गेला असणार. हे अंतर पुरेसं आहे का?

दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात गव्यांचे (म्हणजे गवारेड्यांचेच) फोटो काढलेल्यांनी प्लीज सांगा. आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून काय करता तेही.