अणुभट्टी ठणठणीत, पंखा तुटला

दादा, अणुइंधन 25 वर्षं पुरतं म्हणून विमानवाहू जहाजाकडे तेवढी वर्षं बघायलाच नको, हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सुट्या भागांचं काय?

फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाचं बघा. नोव्हेंबर 2000 मध्ये, चाचण्या चालू असताना, अटलांटिकमध्ये त्याच्या प्रोपेलरचं, म्हणजे जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याचं, पातं तुटलं. दोन्ही अणुभट्ट्या ठणठणीत, तरी जहाज माघारी. राखीव प्रोपेलर तपासले तर त्यांच्याही ओतकामात दोष! शेवटी क्लेमान्सो आणि फॉश या आधीच्या जहाजांचे जुने प्रोपेलर बसवले. वेग 27 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 24-25 वर आला. नवे मिळाले ते 2007-08 च्या मोठ्या दुरुस्तीत. आपल्याकडे सगळे भट्टीवरच बोलतात; प्रोपेलरसाठी एवढं कांस्याचं ओतकाम कोण करणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जुने भाग अमेरिकेनेही वापरले: ‘एंटरप्राइज’ या निवृत्त विमानवाहू जहाजाचा 30 टनी नांगर ‘अब्राहम लिंकन’ या दुसऱ्या जहाजाला लावला.

आमच्या रावेरच्या केळीच्या बागेत असंच झालं होतं. ऐन मे महिन्यात पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, फुटला. त्या मापाचा ना रावेरात मिळाला, ना सावद्यात. मिस्तरीने भंगारातला जुना काढला, कानशीने घासून शाफ्टवर बसवला. पाणी कमी फेकायचा, पण बाग वाचली.