मदत हवी आहे : पाणी उकळण्याआधीच किटली बंद होते

मांजराकाठ
आमची विजेची किटली गेल्या पंधरा दिवसांपासून पाणी उकळायच्या आतच ‘टक्’ असा आवाज करून बंद होते. बटण लगेच दाबले तर ते खाली राहत नाही. पाच-सात मिनिटे थांबावे लागते आणि मग पुन्हा तोच प्रकार. किटली जेमतेम आठ महिन्यांची आहे. सासूबाईंना पहाटे पाच वाजता औषधाबरोबर गरम पाणी लागते. दुकानदार म्हणतो की थर्मोस्टॅट गेला आहे, नवीनच घ्या. तेव्हा कोणती घ्यावी, एवढेच कृपया लवकर सांगावे.

पाना_पक्कड
नवीन घेण्याची घाई करू नका. किटली किती लिटरची आणि किती वॅटची आहे? एका वेळी किती पाणी भरता? पाणी कोणते वापरता? ही माहिती दिल्याशिवाय नेमके काही सांगता येणार नाही.

लोडशेडिंग
हा सरळसरळ व्होल्टेजचा दोष आहे. आमच्या गावी संध्याकाळी १९० व्होल्टच मिळतात आणि किटली रडतखडत चालते. स्टॅबिलायझर बसवा.

शेगडीवाला
माझे स्पष्ट मत आहे की पाणी गॅसवरच तापवावे. एक लिटर पाण्याला दहा-बारा ग्रॅम गॅस पुरतो. आमचे पातेले वीस वर्षांत एकदाही बंद पडलेले नाही.

मांजराकाठ
किटली दीड लिटरची, १५०० वॅटची आहे. सासूबाईंपुरते एक कपच पाणी ठेवते. पाणी नेहमीचेच आहे. गॅस मुद्दाम टाळते, कारण पहाटे त्या स्वतः उठून पाणी ठेवतात आणि बर्नर चालू राहण्याची मला भीती वाटते.

पाना_पक्कड
नेहमीचे म्हणजे नळाचे, बोअरचे की टँकरचे? आणि किटलीच्या आत, तळाशी, काय दिसते?

गवतीचहा
माझीही किटली मध्येच बंद व्हायची. आता मी झाकण उघडे ठेवते, मग ती अजिबात बंद होत नाही. शिवाय किटलीत दूध कधीही तापवू नका. ते तळाला करपते आणि उतू जाऊन खालच्या बैठकीत शिरते.

पाना_पक्कड
गवतीचहा, कृपया असे करू नका. उकळी फुटल्यावर किटली बंद होते ती वाफेमुळे. वाफ वरच्या बारीक फटीतून मुठीत उतरते आणि तिथल्या दोन धातूंच्या जोडचकतीला तापवते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती चकती एका क्षणात उलट्या बाजूला वाकते आणि बटण वर ढकलते. तोच तो ‘टक्’. झाकण उघडे असले की वाफ बाहेर निघून जाते, चकतीला उकळीचा पत्ताच लागत नाही आणि पाणी आटेपर्यंत उकळत राहते. मग सगळी भिस्त तळाखालच्या दुसऱ्या चकतीवर राहते. ती किटली कोरडी पडून जळू नये यासाठी बसवलेली असते, रोज वापरण्यासाठी नव्हे.

मांजराकाठ
पाणी बोअरचे आहे. नळाला आमच्याकडे आठवड्यातून एकदा पाणी येते, ते आम्ही पिण्यासाठी राखून ठेवतो. पण आता किटलीतही बोअरचेच घालतो, कारण उकळल्यावर चालते असे वाटले. तळाशी पांढरा, खरखरीत थर आहे, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. हे सांगण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते.

पाना_पक्कड
तुमचे उत्तर त्या थरातच आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. पाणी तापले की ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन, म्हणजे चुन्याच्या स्वरूपात, तळावर बसतात. हा थर उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचू देत नाही, त्यामुळे पाणी कोमट असतानाच तळाची पत्री फाजील तापते, किटली रिकामी असावी असे समजून खालची चकती वीज तोडते आणि पत्री निवेपर्यंत बटण धरत नाही. तुम्ही सांगितलेली पाच-सात मिनिटे हीच. एक कप पाणी ‘किमान’ खुणेच्या खाली राहत असेल, तर त्याचीही यात भर पडते. थर्मोस्टॅट, म्हणजे हीच चकती, आपले काम चोख करतो आहे.

लोडशेडिंग
मग व्होल्टेजचा काहीच संबंध नाही, असे आपले म्हणणे आहे का?

पाना_पक्कड
संबंध आहे, पण वेळेशी. व्होल्टेज कमी झाले की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला १५०० वॅट ओढणारी किटली १९० व्होल्टला जेमतेम १००० वॅटची होते. म्हणजे पाणी उकळायला दीडपट वेळ लागेल, किटली लवकर बंद होणार नाही. त्यासाठी स्टॅबिलायझरचा खर्च कशाला?

दोन_वाट्या
अर्धी किटली पाणी आणि अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून उकळा. मी वर्षानुवर्षे हेच करतो.

गवतीचहा
व्हिनेगरचा वास पुढे चार दिवस चहाला येतो. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळते, ते दोन चमचे घाला. झाकणाबद्दल आपण सांगितलेले पटले. आजपासून बंदच ठेवीन.

पाना_पक्कड
दोन्ही चालतात, मीही लिंबूसत्वच वापरतो. किटली अर्धीच भरावी, कारण चुना विरघळताना फेस येतो. मध्ये बंद पडली तर थांबून पुन्हा लावा. उकळल्यावर बैठकीवरून उतरवून अर्धा तास तशीच ठेवा आणि नंतर साधे पाणी दोनदा उकळून ओतून द्या. तारेच्या घासणीने खरवडू नका आणि किटली पाण्यात बुडवू नका.

शेगडीवाला
एवढा खटाटोप करण्यापेक्षा खर्चाचा हिशेब तरी मांडा.

पाना_पक्कड
मांडतो. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे ३१४ किलोज्यूल, म्हणजे ०.०८७ युनिट उष्णता लागते. वाया जाणारी धरून ०.१ युनिट समजा. दहा रुपये युनिट धरले तर लिटरमागे एक रुपया पडतो, आणि गॅस कदाचित याहून स्वस्तही पडेल, हे मी मान्य करतो. पण एक कप हवा असताना किटली काठोकाठ भरणे हीच खरी उधळपट्टी आहे. ‘किमान’ खुणेइतके पाणी घ्यावे आणि उरलेले थर्मासमध्ये ओतावे. मांजराकाठ, तुमची किटली कोणत्या सॉकेटला लावता?

मांजराकाठ
एक्स्टेन्शन बोर्डाला, टीव्हीच्या शेजारी. पिन जाड आहे, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला आहे. हात लावला तर तो गरम लागतो.

पाना_पक्कड
हे आधी थांबवा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपियर. सहा अँपियरच्या बोर्डावर हा भार रोज टाकणे धोक्याचे आहे. सोळा अँपियरचे स्वतंत्र सॉकेट हवे.

मांजराकाठ
काल रात्री किटली सोळा अँपियरच्या गीझरच्या सॉकेटला लावून लिंबूसत्वाचे पाणी उकळले. पहिल्या वेळी मध्येच दोनदा बंद पडली, पण पाणी गढूळ झाले आणि तळाचा निम्मा थर सुटून आला. दुसऱ्या वेळी तळ चकाकू लागला. आज पहाटे सासूबाईंनी स्वतः बटण दाबले, दोन कप पाणी खळखळून उकळले आणि त्यानंतरच किटली बंद झाली. आता त्यात नळाचेच पाणी घालते. ओट्याजवळ सोळा अँपियरचे सॉकेट बसवायला शनिवारी वायरमन येणार आहे. तिथे वायर किती जाडीची टाकायला सांगू?

पाना_पक्कड
तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची, आणि अर्थिंग तपासूनच घ्या.